आईचा 'इठ्ठल'

एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून देते.

"मावशी, आई जाऊन आठ महिने झाले. ती दिवसभर इठ्ठल इठ्ठल म्हणायची, भाकरी थापताना, निवडताना, गुडघे दुखायला लागले की जिना चढताना तर प्रत्येक पायरीला. विठ्ठल नाही, इठ्ठलच म्हणायची. तिची तुळशीची माळ माझ्याकडे आहे, देवघरात ठेवलीये. हल्ली भांडी घासताना माझ्याही तोंडात नाव यायला लागलं होतं. परवा माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने विचारलं, आई विठ्ठल म्हणजे काय गं, मीनिंग काय त्याचं? मला सांगता आलं नाही. मोबाईलवर शोधलं तर चार ठिकाणी चार अर्थ. फॅमिली ग्रुपवर विचारलं तर चुलतभावाने लिहिलं की हा शब्द मुळात संस्कृत पण नाहीये, कानडी अपभ्रंश आहे, आणि काकूला तर धड उच्चार पण जमायचा नाही, अर्थ माहीत नसताना जप करणं म्हणजे पोपटपंची. कोणी काही बोललं नाही, एक दोघांनी त्यालाच अंगठ्याचं लाइक दिलं. तेव्हापासून नाव ओठावर आलं की मी थांबते. आई मला बबडे म्हणायची, आता ते पण कोणी म्हणत नाही. खरा अर्थ कुठला ते सांगा, लेकीला काय सांगू ते सांगा, आणि आईने आयुष्यभर जे म्हटलं ते फुकट गेलं का ते पण सांगा."

बाळा, तू मला मावशी म्हटलंस म्हणून तुला तूच म्हणते. शेवटचं आधी, नाही, फुकट काहीही गेलेलं नाही. नुसतं बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये हे, त्यामागचं सगळं सांगते, जरा लांबेल पण वाच.

आधी तुझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं घेऊ, कारण त्याचं अर्धं बरोबर आहे आणि ते बरोबर आहे म्हणूनच ते तुला एवढं लागलं. विठ्ठल हा शब्द सरळ संस्कृतातून आलेला दिसत नाही हे अभ्यासकांनी फार पूर्वीच मांडून ठेवलंय. रा. गो. भांडारकरांचं म्हणणं असं की विष्णू या नावाचं कानडी वळण म्हणजे बिट्टी किंवा विट्टी, आणि त्यातून विठ्ठल, विठोबा. याला आधार पण आहे, बाराव्या शतकात कर्नाटकात होयसळांचा राजा होता विष्णुवर्धन, त्याचं दुसरं नाव बिट्टिदेव, म्हणजे विष्णूचा बिट्टी होतो हे तिथे डोळ्यासमोर दिसतं. पंढरपुरातच १२३७ सालचा शिलालेख आहे, होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला, त्यात गावाचं नाव पंडरगे असं येतं, हे नाव कानडी वळणाचंच. आणि ज्ञानोबांनी तर स्वतःच गाऊन ठेवलंय, कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु. तिथे कानडा म्हणजे कानडी मुलखातला असाही अर्थ लावतात आणि न कळणारा, अगम्य असाही लावतात, मला दोन्ही खरे वाटतात. तिकडे कन्नड हरिदासांनी आपल्या पदांच्या शेवटी सही म्हणून हेच नाव लावलं, पुरंदरदासांची मुद्रा पुरंदर विठ्ठल, विजयदासांची विजय विठ्ठल. तेव्हा कानडी म्हटल्याने आपल्या देवाचं काही कमी होत नाही गं, उलट एकच देव दोन भाषांच्या माणसांनी मिळून सांभाळला.

आता गंमत बघ. विष्णूचा बिट्टी झाला, बिट्टीचा विठ्ठल झाला, हे दादाला मान्य आहे. म्हणजे नाव माणसांच्या तोंडात घोळत घोळत बदलत आलं हे त्याला मान्य आहे. मग त्याच नावाचा तुझ्या आईच्या तोंडात इठ्ठल झाला तर तो अडाणीपणा कसा काय? हा त्याच प्रवासातला पुढचा मुक्काम आहे. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी पिढ्यान् पिढ्या इठ्ठल आणि रुखमीनच गायलीये, त्या ओव्या आज अभ्यासाला घेतल्या जातात आणि कोणी तिथे इठ्ठल खोडून विठ्ठल करत नाही. आईचा उच्चार चुकीचा नव्हता, तो तिच्या आईचा आणि तिच्या आजीचा उच्चार होता. लेकीला दोन्ही शिकव, शाळेच्या वहीत विठ्ठल लिही आणि आजी इठ्ठल म्हणायची हे पण सांग.

मोबाईलवर जे चार अर्थ मिळाले ते बहुतेक मला माहितीयेत. वीट आणि ठल म्हणजे स्थळ, विटेवर उभा तो विठ्ठल, हा सगळ्यांना आवडतो कारण पुंडलिकाची गोष्ट त्यात बसते, आईबापाची सेवा चाललीये, देव दारात आला, याने मागे वळूनही न बघता वीट सरकवली, उभा राहा म्हणाला. शब्दशास्त्रात हा अर्थ टिकत नाही असं म्हणतात पण भक्ताने नाव ऐकून त्यात आपली गोष्ट ऐकली, आणि ती इतकी पक्की ऐकली की आता वीट वेगळी काढताच येत नाही. तुकोबांच्या गाथेत आणखी वेगळाच आहे, वीचा केला ठोबा म्हणोनि नाव विठोबा, तिथे वि म्हणजे पक्षी, म्हणजे गरुड, त्याला ज्याने वाहन केलं तो, असा अर्थ लावतात. मग रा. चिं. ढेऱ्यांसारख्या अभ्यासकांनी विठ्ठलाचं मूळ गवळी धनगरांच्या देवात शोधलंय, त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते ती बघायला हवी, तिथे विठ्ठल धनगरांच्या बिरोबाच्या जोडीने पुजला जातो आणि भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं. हे सगळे अर्थ एकमेकांशी भांडतात असं वाटतं पण खरं म्हणजे ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. शब्द आला कुठून हा एक प्रश्न, आणि लोकांनी त्यात काय ऐकलं हा दुसरा. दोन्ही प्रश्न चांगलेच आहेत, फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याच्या डोक्यात हाणायचं नाही.

आता एक अर्थ मुद्दाम मागे ठेवला होता. पंढरपुरात अठराव्या शतकात काशीनाथ उपाध्ये म्हणून मोठे शास्त्री होऊन गेले, लोक त्यांना बाबा पाध्ये म्हणायचे, धर्मसिंधु हा ग्रंथ त्यांचाच, १७९० चा. एवढा धर्मशास्त्राचा माणूस, आणि त्यांनी विठ्ठल नावाची फोड कशी केली बघ. वित् म्हणजे ज्ञान, ठ म्हणजे शून्य, आणि ल म्हणजे घेणारा, जवळ करणारा. ज्ञानाने शून्य असलेल्यांना जो जवळ घेतो तो विठ्ठल. ठ चा अर्थ शून्य कसा म्हणशील तर जुन्या कोशांत ठ ला वर्तुळ आणि शून्य असे अर्थ दिलेत, आणि ठ लिहून बघ ना, गोलच आहे तो. मला माहितीये की व्याकरणाच्या अंगाने ही ओढून आणलेली फोड आहे, दादा म्हणेल तसं तर कशाचीही फोड करता येते, म्हणू दे. पण ज्या माणसाला सगळं शास्त्र पाठ होतं त्याला या नावात काय ऐकू आलं, तर हे. ज्याला काही कळत नाही त्याला घेणारा. आणि तू मला विचारतेयस की अर्थ न कळता नाव घेतलं तर चालतं का! अगं या अर्थाप्रमाणे तर न कळणाऱ्यांचाच नंबर पहिला लागतो.

पोपटपंचीबद्दल आता नीट बोलते कारण तो शब्द तुझ्या मनात काट्यासारखा बसलाय. आपल्याकडे या प्रश्नावर खूप जुना विचार झालेला आहे, तुझ्या ग्रुपवर तो पहिल्यांदा निघालेला नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची गोष्ट आहे, आयुष्य वाया घालवलेला माणूस, मरताना घाबरून धाकट्या पोराला हाक मारतो, पोराचं नाव नारायण, आणि तेवढ्यावर तो सुटतो. त्याला देव अभिप्रेतच नव्हता, पोरगा हवा होता. आणि तिथे पुढे स्पष्ट म्हटलंय की नाव दुसऱ्या कोणाला उद्देशून घेतलं, थट्टेत घेतलं, गाण्याचा आलाप म्हणून घेतलं, अगदी हेटाळणीत घेतलं तरी ते पाप जाळतं, जसं औषध माहीत नसताना पोटात गेलं तरी आपलं काम करतं. म्हणजे परंपरेच्या एका मोठ्या बाजूने तुझ्या आईचा प्रश्न उद्भवतच नाही.

दुसरी बाजू पण आहे आणि ती मी लपवणार नाही. पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्याच पादात म्हटलंय, तज्जपस्तदर्थभावनम्, म्हणजे त्याचा जप करायचा आणि त्याच्या अर्थाची भावना ठेवायची. तिथे ओंकाराबद्दल चाललंय, पण नियम कुठल्याही नामाला लावतात. दादाने हे सूत्र वाचलं असेल तर तो म्हणेल बघा, अर्थ पाहिजेच. आता इथे एक मिनिट थांब, कारण माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. या सूत्राच्या आधीचं सूत्र सांगतं की ओंकार हा ईश्वराचा वाचक आहे, म्हणजे ईश्वराला दाखवणारा शब्द. मग अर्थ म्हणजे काय? तर ज्याला तो शब्द दाखवतो तो स्वतः. संस्कृतात अर्थ म्हणजे नुसती डिक्शनरीतली फोड नव्हे, ज्या वस्तूकडे शब्द बोट दाखवतो ती वस्तू पण अर्थच. म्हणजे विठ्ठल या नावाचा अर्थ कोण? तो, कमरेवर हात ठेवून उभा आहे तो. अर्थाची भावना ठेवायची म्हणजे नाव घेताना तो समोर असायला पाहिजे, बिट्टी आणि वित् आणि वीट आठवायला पाहिजे असं नाही.

आता तूच सांग, जिना चढताना गुडघ्यात कळ आली की तुझी आई कोणाला हाक मारत होती? तिच्यासमोर कोणीच नव्हतं का? व्युत्पत्ती तिला माहीत नव्हती, अर्थ चांगलाच माहीत होता.

तू बबडेबद्दल लिहिलंस ना, ते वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं थोडा वेळ. बबडे या शब्दाची कोणी फोड करून दाखवेल का तुला? त्यात तुझा स्वभाव नाही, रूप नाही, डिग्री नाही, कुठल्याही डिक्शनरीत त्याच्यापुढे तू लिहिलेली नाहीस. तरी स्वयंपाकघरातून ती हाक आली की जगात एकच माणूस मागे वळून बघायचं. आई ते म्हणायची तेव्हा पोपटपंची करत होती असं कोणी म्हटलं तर तुला राग येईल. तिने तुला जशी हाक मारली तशीच त्याला मारली, तोच आवाज, तीच सवय, दिवसातून शंभर वेळा.

जनाबाईंचं दळिता कांडिता तुज गाईन अनंता तुला माहीत असेलच, तेही असंच कामाच्या तालावर, पीठ पडत असताना. वारकऱ्यांनी नामाला वेगळी वेळ आणि सोवळं लावलं नाही, हात कामात आणि तोंडात नाव, हीच पद्धत. चोखोबांना तर देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, ज्यांना शास्त्रं शिकण्याची दारं बंद होती अशा माणसांनी हेच नाव धरलं आणि आज महाद्वारात नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, आत जाणारा प्रत्येक जण आधी तिथे वाकतो. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, नामदेवराय अस्थी शोधायला आले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती त्यांनी चोखोबांची म्हणून ओळखली अशी कथा सांगतात. त्या हाडांना व्युत्पत्ती कोण विचारणार?

मी एकदाच वारीत चालले, तेही तीन दिवस, पाय सुजले म्हणून परत आले. पण त्या तीन दिवसांत मला सगळ्यात नवल वाटलं ते माउली या शब्दाचं. पाणी देणारा माउली, रस्ता अडवणारा माउली, धक्का लागला तरी माउली, पोलीस पण माउली, समोरच्याचं नाव गाव कोणी विचारत नाही. ज्ञानोबांचं नाव असं सगळ्यांच्या अंगावर वाटून टाकलेलं. माझ्या पुढे एक आजी चालत होत्या, तोंडाने सतत पुटपुटत, मी जवळ जाऊन ऐकलं तर शब्द असा राहिलाच नव्हता, नुसता ठ्ठल ठ्ठल असा श्वास चालला होता पावलाबरोबर. तुझं पत्र वाचताना मला त्याच आठवल्या.

लेकीचं बघू आता. अकरा वर्षांची पोरगी मीनिंग विचारतेय ही फार चांगली गोष्ट आहे, तिला गप्प करू नकोस आणि भावुक होऊन मोठं लेक्चर पण देऊ नकोस. तिने विठ्ठल म्हणजे काय विचारलंय, तू आधी विठ्ठल म्हणजे कोण ते सांग, पुंडलिकाची गोष्ट सांग, आजीला तो कसा लागायचा ते सांग, जिन्याचं सांग. मग सांग की शब्द कुठून आला यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं लावलंय, आणि कानडीचं, विटेचं, गरुडाचं, शून्याचं सगळं सांग, मुलांना असं चार चार उत्तरं असलेलं आवडतं, आपल्यालाच एक उत्तर हवं असतं. ठ काढून दाखव तिला. ती पुढे हेही विचारेल बघ, की मूर्ती काळी आहे मग पांडुरंग म्हणजे पांढरा कसा. तेव्हा सांग की बरोबर पकडलंस, पांडुर म्हणजे पांढराच, आणि हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकात देशी शब्दांचा कोश केला त्यात पंडरंग हा शब्द शंकरासाठी दिलाय, शिवाय गावाचं जुनं नाव पंडरगे, त्यामुळे काही जण म्हणतात हे नाव मुळात तिथल्या शंकराचं असावं आणि पुढे विठ्ठलाला लागलं. ज्ञानोबांच्या अभंगातही विठ्ठलाने महेशाला मस्तकावर धरलंय असं येतं. एका नावात दोन देव राहतात हे ऐकून माझी नात केवढी खूश झाली होती, घर शेअर करतात का म्हणाली.

तिला विठ्ठल म्हणायला मात्र लावू नकोस. तू म्हण, तिला ऐकू येऊ दे. तुझ्याही तोंडात ते असंच आलंय ना, आईने कधी बसवून शिकवलं होतं का?

दादाशी ग्रुपवर वाद घालू नकोस, शंभर जणांसमोर कोणी मागे हटत नाही. वाटलं तर फोन कर आणि एवढंच सांग की कानडीचं तुझं बरोबर आहे पण आईच्या उच्चाराबद्दल जे लिहिलंस ते मला लागलं. काकूच्या हातचं त्याने पण खाल्लं असेल लहानपणी, मला वाटतं त्याला कळेल. नाही कळलं तर सोडून दे, त्याने होकार दिल्यावर आईचं नाम खरं ठरणार आहे असं थोडंच आहे.

आणि माळ. आईची माळ गळ्यात घालावी का हे तू विचारलं नाहीस पण घातली नाहीये हे सांगितलंस म्हणजे ते मनात आहे. वारकऱ्यांत माळ घालणं म्हणजे नेम घेणं, एकादशी, मांसाहार सोडणं, वारी, आणि ती कोणा जाणत्या माळकऱ्याच्या हातून घालून घ्यायची पद्धत आहे, तेव्हा आईची आठवण येते म्हणून किंवा अपराधी वाटतंय म्हणून घाईत घालू नकोस. देवघरात छान आहे ती. नाम घ्यायला माळ लागत नाही, नेम झेपेल असं वाटेल तेव्हा बघू.

तू लिहिलंस की नाव ओठावर आलं की थांबतेस. मला वाटतं ते दादाच्या वाक्याने सुरू झालं पण थांबायचं खरं कारण ते नसेल. ते नाव घेतलं की आईचा आवाज ऐकू येतो आणि ती समोर नसते, आठ महिने म्हणजे काहीच नाहीत बाळा. गळा भरून आला तर येऊ दे, भांडी राहू देत पाच मिनिटं, पण नाव अर्धं सोडू नकोस. इठ्ठल म्हणालीस तरी चालेल, किंबहुना तूही इठ्ठलच म्हण.

जमलं तर कधीतरी लेकीला घेऊन पंढरपूरला जा, आषाढी कार्तिकी सोडून, गर्दी कमी असते अशा दिवशी. देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून दगड आहे, १२७३ ते १२७७ या वर्षांतला, देवळासाठी कोणी कोणी काय दिलं त्या दानांची नोंद आहे त्यावर, यादव राजा रामचंद्राच्या काळात त्याचा मंत्री हेमाद्री याच्यासकट कितीतरी लोकांनी दिलेलं. लोकांनी मात्र तो वाचायचा सोडून त्याला पाठ घासली, का तर चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. लेकीला ही गोष्ट तिथे उभं राहून सांग, तिला इतिहास आवडत असेल तर ती दगडाजवळून हलणार नाही. मग दर्शनाला जा, आणि पायावर डोकं ठेवशील तेव्हा त्याला आईचं नाव सांग. परत आल्यावर मला लिही, लेकीला कुठला अर्थ आवडला ते पण लिही.

तुझी मावशी